लांबलेलं लगीन

आमच्याकडं सुपारी फुटली की पोरगा-पोरगी एकमेकांना थेट हळदीच्या दिवशीच दिसायची रीत. मधल्या काळात फोटो बघायचा. आता फोनवर बोलतात, पण 2016 साली आमच्या गल्लीत तेसुद्धा चोरूनच चालायचं. माझी सुपारी फुटली त्या साली फेब्रुवारीत. मी लातूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. रेणापूरहून रोज एसटीनं जाऊन-येऊन. पोरगा पानगावकडच्या एका खेड्यातला, आयटीआय केलेला, घरी ट्रॅक्टर, चार एकर रान. बघायला आले तेव्हा सगळे प्रश्न त्याच्या चुलत्यानं विचारले. मी पोह्याचा ताट धरून मान खाली घालून उभी. मला त्याचे फक्त बूट दिसले. काळे, नवे, एका बुटाची नाडी सुटलेली. पुढचे दोन महिने माझ्या होणाऱ्या नवऱ्याची माझ्याजवळची सगळ्यात पक्की माहिती तेवढीच होती.

फोटो होता म्हणा. पण तो बायोडाटावरचा. स्टुडिओवाल्यानं गोरापान केलेला, कोट घातलेला, मागं बर्फाचा डोंगर.

देण्याघेण्याची बोलणी आतल्या खोलीत झाली. दोन लाख, पोशाख आणि अंगठी. मला कुणी सांगितलं नाही, पण आमचं घर दोन खणांचं, त्यात गुपित ठेवायचं कुठं? अण्णांना जिरायती तीन एकर. मागच्या पावसाळ्यात सोयाबीन पेरलं ते वाळून गेलं होतं, रब्बीला पेरलंच नव्हतं. तरी अण्णा दोन लाखाला हो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून रोडच्या कडेच्या अर्ध्या एकराला गिऱ्हाईक शोधायला लागले. बस्ता गंजगोलाईत जाऊन बांधला. एप्रिलच्या अखेरची तीथ धरली. पत्रिका छापून आल्या, हळदीकुंकू लावून कोनाड्यात ठेवल्या.

आणि पाणी संपलं.

संपलं म्हणजे कसं, ते त्या वर्षी लातूर जिल्ह्यात राहिलेल्यांनाच कळंल. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये कलेक्टरनं जमावबंदीचं 144 कलम लावलं होतं. पाणी भरायला चार माणसं गोळा झाली तर गुन्हा! आमची रेणा नदी म्हणजे नुसता वाळूचा पट्टा. गल्लीतला बोअर घरघर करून चिखल ओकायचा आणि गप्प व्हायचा. कुरडया नाहीत, पापड नाहीत, कारण गहू भिजवायला पाणी कुठलं? माय एका तांब्यात भांडी विसळायची, ते पाणी बादलीत साठवायची, त्यानं अंगण नाही तर म्हशीच्या पाठीवर सपका मारायची.

दोन्हीकडची माणसं बसली. पंगतीला किती टँकर लागतील याचा हिशोब सुरू झाला. वरपक्ष म्हणे पाचशे माणूस येणार. आज्जी उंबऱ्यातून म्हणाली, "पाव्हण्याला तांब्याभर पाणी देता येईना, अन् पंगती कशाच्या घाललालाव?" कुणी उत्तर दिलं नाही. गुरुजींनी पंचांग काढलं, तर पुढं शुक्राचा अस्त. मे-जून गेला. मग आषाढी, चातुर्मास. थेट तुळशीचं लगीन लागल्यावर. अण्णा कपाळाला हात लावून बसले. मी आत जाऊन गुमान दोन भाकरी खाल्ल्या. किती दिवसांनी पोटभर जेवले. पेपर देता येणार होते.

गल्लीत तिसऱ्या दिवशी टँकर यायचा, ट्रॅक्टरला जोडलेला, पाच हजार लिटरचा. वळणावर हॉर्न वाजला की सगळी गल्ली पाईप घेऊन पळायची. टँकरच्या तोंडात पाईप सोडायचा, दुसऱ्या टोकानं तोंडानं ओढायचं, पाणी आलं की ड्रममध्ये. दोन मिनिटांत टँकरवर पंचवीस पाईप लोंबायचे, म्हातारीच्या जटांसारखे. एका घराला दोन ड्रम हा नियम. एप्रिलच्या मध्यावर टँकरवाला बदलला. नवा आला तो नाकातोंडाला पांढरं उपरणं गुंडाळलेला, उन्हानं काळाठिक्कर पडलेला, पायात स्लीपर. टँकरवर उभा राहून वहीत ड्रम लिहायचा. पहिल्याच दिवशी त्यानं आमचा पाईप उपसून खाली टाकला.

"ओ टँकरवाले, आमचा पाईप का काढलाव?"

"दोन ड्रम झाले की तुमचे."

"तिसरा आज्जीचा हाय. आज्जी येगळी ऱ्हाती."

"त्याच घरात येगळी?"

"तुमाला काय करायचंय? तुमी काय आमच्या घरचे हाव का?"

तो वरूनच बघत राहिला. उपरण्याआडून हसल्यासारखं वाटलं. "न्हाई," म्हणाला, "अजून तरी न्हाई."

शेजारच्या काकूंनी पदर तोंडात कोंबला. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. काकूंचं माहेर त्याच गावचं. मी पाईप तिथंच टाकून घरात पळाले आणि आज्जीचा ड्रम त्या दिवशी काठोकाठ भरला गेला.

पुढं हॉर्नचा अर्थच बदलला. तो वळणावर तीनदा वाजवायचा. दोनदा गल्लीसाठी, एकदा कशासाठी ते गल्लीनंच ठरवलं. टँकर रिकामा व्हायला वीस मिनिटं लागायची. तेवढ्यात जे बोलणं व्हायचं ते सगळ्यांच्या देखत, ट्रॅक्टरच्या धडधडीत, ओरडून. ओरडून प्रेम करता येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आमची गल्ली बघायला पाहिजे होती. तो मला "तुमी" म्हणायचा, मी त्याला काहीच म्हणायची नाही, नुसतं "ऐकलं का" वर भागवायची. विहिरीवर लाईटची वाट बघत रात्रभर कसं बसावं लागतं, कोणत्या गावात विहीर अधिग्रहित केली, कुठं बाया टँकरपुढं आडव्या झाल्या, हे सगळं तो सांगायचा. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा तो पहाटे स्टेशनवर बघायला गेला होता. लोक सिनेमा सांगतात तसं त्यानं सांगितलं. दहा डबे, पाच लाख लिटर पाणी. "म्हंजे आपले हे असले शंभर टँकर," त्यानं पत्र्यावर थाप मारली. 'आपले' म्हणाला, ते मी रात्री झोपताना परत परत आठवलं. तसं बघितलं तर ते अख्ख्या जिल्ह्याच्या संकटाचं गणित, पण मला त्यातला तेवढाच शब्द ऐकू आला. वय वीस होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यानं फिल्टरच्या पाण्याचा वीस लिटरचा जार आमच्या उंबऱ्यावर ठेवला. "पेपर हाय मनून," एवढंच बोलला. कुणाला गुलाब येतात, कुणाला चॉकलेट. त्या उन्हाळ्यात रेणापुरात जार मिळालेली मी एकटीच असेन. माय म्हणाली, जपून वापर. मी कॉलेजातून परत आले तर आज्जीनं त्यातल्या अर्ध्या पाण्यानं डोकं धुतलं होतं. "जावयाचं पाणी," म्हणाली, "केस कसे रेशमावानी झालेत बग."

मे महिन्यात एक दिवस अण्णा एका माणसाला घेऊन रानात गेले. संध्याकाळी आले ते बोललेच नाहीत. रोडकडचा तुकडा, ज्याच्या बांधावर आमचं एकुलतं आंब्याचं झाड. त्या सालात आमच्याच जिल्ह्यातल्या एका पोरीनं बापाला हुंडा झेपणार नाही म्हणून जीव दिल्याची बातमी पेपरात आली होती. आमच्या वर्गात आठवडाभर दुसरं बोलणं नव्हतं. कुणी रडत नव्हतं, पण प्रत्येक पोरगी मनातल्या मनात आपल्या बापाचे एकर मोजत होती.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. मी पाईप धरला आणि विचारलं, "दोन लाखात काय काय येतं हो?"

त्याला कळलं नाही आधी. मग कळलं. इकडं-तिकडं बघून म्हणाला, "ट्रॅक्टरचे हप्ते थकलेत. बापू म्हणले लग्नात फिटतील."

"म्हंजे ट्रॅक्टर माझा बाप घेणार, अन् त्याच ट्रॅक्टरनं आणलेल्या पाण्यासाठी मी तुमच्याशी भांडणार?"

आमची घागर भरून वाहायला लागली. त्या दिवसांत पाणी सांडणं म्हणजे पाप. काकू ओरडल्या, पोरं ओंजळी धरून धावली, आम्ही दोघं तसेच उभे. त्यानं वही मिटली, टँकर रिकामा व्हायच्या आत ट्रॅक्टर चालू केला आणि हॉर्न न वाजवता गेला.

पुढच्या दोन खेपा दुसराच माणूस घेऊन आला. म्हातारा, पान खाणारा, प्रत्येक घराला तीन-तीन ड्रम देणारा. गल्ली खूश. मी पाणी भरायला धाकट्या भावाला पाठवलं. लगीन मोडलं तर काय होईल याचा विचार करून बघितला. वाईट वाटलं ते लग्नाचं नाही, त्या वीस मिनिटांचं. हे मायला सांगायची सोय नव्हती. आज्जीला सांगितलं. ती म्हणाली, "बोललीस ते बरं केलंस. आमी बोललो न्हाई, मनून आमचे बाप विकले गेले."

आठव्या-नवव्या दिवशी वळणावर हॉर्न वाजला. तीनदा. त्याचा चेहरा उतरलेला, उपरणं गळ्यात. घरी भांडण झालं होतं. टँकरची पाळी आता त्यानं स्वतःकडं घेतली होती, दिवसा दोन खेपा, रात्री दोन, आणि त्या पैशातून एक हप्ता भरून पावती खिशात घेऊन आला होता. ती पावती त्यानं मला दाखवली. दुसऱ्या कुणी अशी पावती दाखवली असती तर मी हसले असते. "बापू न्हाई म्हणले न्हाईत, हो बी म्हणले न्हाईत," तो म्हणाला. "फुकट पोरगी करायची तर आमाला काय कमी हाय, असं म्हणले. बगू." मग जरा थांबून, "अन् तुमी तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरा. लग्न पुढं गेलंयच की."

जूनमध्ये पाऊस आला. पहिल्या पावसात सगळी गल्ली भिजली. पोरं, म्हातारे, काकू, आज्जी खुर्चीत बसून. बोअरला पाणी लागलं, महिन्याभरात टँकर बंद झाला, आणि अख्ख्या रेणापुरात पाऊस पडला म्हणून हिरमुसलेली मी एकटी. त्यानंही नंतर कबूल केलं की पहिल्या पावसाला तो ट्रॅक्टरखाली बसून आभाळाला शिव्या देत होता. शेतकऱ्याच्या पोरानं! पुढं त्याला पिंपळफाट्यावर नेमकी सकाळी साडेनऊलाच कामं निघायला लागली, माझ्या एसटीच्या वेळेला. ट्रॅक्टरचा कुठला ना कुठला पार्ट रोज लातूरलाच मिळायचा. मी तिसऱ्या वर्षाला बसले होते.

सप्टेंबरात तर पावसानं ताळतंत्रच सोडलं. मांजरा भरलं, रेणेला पूर आला, जिथं वाळू चाळत होते तिथं माणूसभर पाणी. रेल्वे ऑगस्टातच बंद झाली होती. सोयाबीन काही भिजलं, काही हाती लागलं. आणि दसऱ्यानंतर बापूंचा निरोप आला, एक लाख तरी. निम्म्यावर आले ते पोराच्या अबोल्यामुळं, असं काकूंच्या माहेरची बातमी. अण्णांनी रान विकलं नाही, पण एकाकडून लाख रुपये उचलले. पाचशे-हजाराच्या नोटा, पिवळ्या फडक्यात, धान्याच्या कोठीत.

8 नोव्हेंबरच्या रात्री टीव्हीवर बातमी लागली. अण्णा कोठीजवळ जाऊन उभे राहिले, मायनं दिवा धरला, जसं काही नोटा पळूनच जाणार होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच बापूंचा फोन. "पाव्हणं, पैशाचं काय घिऊन बसलाव, पोरगी आमची हाय." त्या आठवड्यात आमच्या भागात हुंडा नको म्हणणारे सासरे लई निघाले. बापू अजूनही सांगतात की त्यांनी पोराच्या शब्दाखातर सोडला. माझा नवरा गप्प बसतो. मी जावेला खरं काय ते सांगून ठेवलंय.

अण्णांनी ते लाख बँकेत भरले आणि तिथनंच चेकनं परत केले. पण मंडपवाल्याला, आचाऱ्याला, वाजंत्र्याला रोख पाहिजे आणि बँक आठवड्याला चोवीस हजारांवर देईना. मग नियम निघाला, घरात लगीन असेल तर अडीच लाखांपर्यंत मिळतील, पत्रिका दाखवा. तीथ होती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. नव्या पत्रिका कुणी छापल्या नव्हत्या, फोनवरच आवतनं झाली होती. अण्णांनी कोनाड्यातली एक उचलली आणि पहाटे पाचला रांगेत जाऊन उभे राहिले. मीही गेले, फॉर्म भरायला.

दुपारी नंबर आला. साहेबानं पत्रिका हातात घेतली, चष्मा वर केला. "आवं काका, हे लगीन तर एप्रिलातच झालंय की!"

"न्हाई झालं साहेब," अण्णा म्हणाले. "तवा पाणी नव्हतं. आता पाणी हाय, तर पैसा न्हाई."

मागं रांगेत कुणीतरी मोठ्यानं हसलं. वळून बघितलं तर तोच, आमच्या मागं पंधराएक माणसं सोडून, वरपक्षाची तीच एप्रिलची पत्रिका घेऊन उभा. पायात काळे बूट. साहेबानं त्यालाही पुढं बोलावलं, दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून ताडून बघितल्या आणि म्हणाला, "खोडा तारीख. दोघंबी खोडा, अन् खाली सह्या करा."