न्हाणीघरांतील दांडी

आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर टॉवेल अडकविण्यास दांडी नव्हती. आमच्या मातोश्री आपला पंचा दाराच्या कडीवर टाकीत, आणि तो नेमका ओल्यांत पडे. त्यांचें वय 84. वांकून तो उचलणें त्यांना जमत नाहीं आणि हांक मारण्याचा त्यांचा स्वभाव नाहीं. तेव्हां एका रविवारीं आम्हीं पोलादी दांडी आणली, व मिस्त्रीला बोलावण्याची घरांतील सूचना नामंजूर केली. तीस वर्षें ज्यानें मुलांना मिल्टन शिकविला त्याला भिंतीला चार भोंकें पाडतां येऊं नयेत काय? (या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं, हें पत्नीनें त्याच वेळीं सांगितलें होतें.)

गुळगुळीत टाइलवर गिरमिटाचें टोंक घसरतें, म्हणून खुणेवर चिकटपट्टी लावावी. टाइल पार होईपर्यंत यंत्राचा ठोका बंद ठेवावा, नाहीं तर ती तडकते. खुणा पाणसळीनें जुळवाव्या. हें सारें आम्हीं यथासांग केलें. दांडी इतकी सरळ बसली कीं दिवसभर कांहीं तरी निमित्त काढून आम्ही न्हाणीघरांत जात होतों.

आठव्या दिवशीं आंतून आवाज आला. मातोश्री पहिल्या दिवसापासून त्या दांडीला धरूनच चौरंगावरून उठत असत! दांडी त्यांच्या हातांत होती आणि त्या पुन्हा चौरंगावर बसल्या होत्या. सुदैवानें केवळ बसल्याच होत्या. "मोडली रे माझ्या हातून," त्या म्हणाल्या.

आर्टुर फिशर या जर्मन संशोधकानें 1958 सालीं नायलॉनची गिट्टी तयार केली. स्क्रू आंत शिरला कीं ती फुगते व भोंकाच्या कडांना दाबून धरते. पण त्या कडा घट्ट असाव्या लागतात. आमच्या गिट्ट्या टाइलमागच्या गिलाव्यांतच संपल्या होत्या, विटेपर्यंत पोंचल्याच नव्हत्या. पंच्याचें ओझें खालीं लोंबतें. उठणारें माणूस दांडी भिंतीपासून बाहेर ओढतें. टॉवेल सोडून दुसरें कांहीं तिला धरील, हा विचारच आम्हांला शिवला नव्हता.

मिस्त्रीनें लांब स्क्रूंनीं विटेंत जाड दांडी बसविली आणि आपल्या अंगाचा भार तिच्यावर टाकून पाहिला. "ती जुनीही लावा हो, पंच्याला," मातोश्रींनीं त्याला बजावलें.

आतां त्यांच्या स्नानाच्या वेळीं आम्ही वर्तमानपत्र घेऊन दाराबाहेर उभे असतों. त्या हांक मारीत नाहींत. उठून उभ्या राहिल्या म्हणजे मोठ्यानें खोकतात, आणि आम्ही पान उलटतों.