खिदमतीला शिक्षणाची जोड

आपल्या मोहल्ल्यात मदतीला धावून येणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. मयत झालेल्या घरात शेजाऱ्यांचे डबे न सांगता येतात. रमजानमध्ये जकातीचे पैसे गरजू घरापर्यंत गुपचूप पोहोचतात. जुन्या नाशकात राहणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. तरीही काही दुखण्यांना पैसा आणि सदिच्छा दोन्ही अपुरे पडतात. तिथे त्या कामाचं शिक्षण घेतलेलं माणूस लागतं.

माझी एक माजी विद्यार्थिनी सध्या एम.एस.डब्ल्यू. करते आहे. दहावी उर्दू माध्यमातून, मग बी.ए. प्रवेशाच्या वेळी तिचे अब्बा मला म्हणाले होते, "सर, घर के झगडे मिटाने को डिग्री कायको लगती? वो तो जमात के बुजुर्ग भी कर लेते." प्रश्न रास्त होता. बुजुर्गांनी आजवर कितीतरी संसार सांधले आहेत.

उत्तर तिच्या क्षेत्रकार्यातून मिळालं. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात वर्गाइतकंच महत्त्व क्षेत्रकार्याला असतं. ठरलेल्या दिवशी वस्तीत, दवाखान्यात किंवा एखाद्या संस्थेत जायचं, जे पाहिलं-ऐकलं ते लिहून काढायचं आणि मार्गदर्शकांसमोर त्यावर चर्चा करायची. एकदा तिच्यासमोर एक बाई आली. सासरहून दोन लेकरांसह बाहेर काढलेली. नातेवाइकांच्या बैठकीत तिला सब्र करायला सांगितलं होतं. तिच्या वतीने भाऊच बोलला होता. या मुलीने तिला पहिला प्रश्न विचारला, "आज रात्री तुम्ही कुठे झोपणार?" दुसरा, "मुलांनी काही खाल्लं का?" मग तिला एकटीला मनसोक्त बोलू दिलं. हे मला सांगताना त्या बाईचं नाव, गल्ली, काहीच तिच्या तोंडून निघालं नाही. जिथे कुणाच्या घरची बातमी तासाभरात गल्लीभर होते, तिथे ही गुप्तता फार मोठी गोष्ट आहे.

ऐकून घेतल्यावर पुढे काय, यासाठी कायदा माहीत असावा लागतो. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सगळ्या धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क तो बायकोला देतो. अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्नाची अट नाही. हे त्या बैठकीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिसरा विषय मानवी विकासाचा. बी.एड.ला आम्हीही पियाजे शिकलो, पण वर्गात बसलेल्या मुलापुरता. इथे जन्मापासून म्हातारपणापर्यंतचा माणूस शिकतात. त्या बाईचा थोरला मुलगा शाळेत गप्प राहू लागला होता. गृहपाठ न करणारा मुलगा आळशीच असतो असं नाही, तो घाबरलेलाही असू शकतो. बालन्याय कायद्यालाही हे उमगलं आहे. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजकार्यकर्ते बसतात आणि त्यांपैकी किमान एक स्त्री असावीच लागते.

हे शिक्षण आपल्याला परकं वाटतं, पण त्याचा जन्म आपल्याच शेजारचा. मुंबईच्या नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी नेबरहूड हाऊस चालवत. मुसलमान, ज्यू, कामगार अशा मिश्र वस्तीतलं ते काम. त्याच अनुभवातून 1936 मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. याच संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांच्या साथीने अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात बाईचं म्हणणं ऐकायला समाजकार्यकर्ती बसू लागली.

मग आपल्या मुलींनीच यात का जावं? कारण मेहर, खुला, इद्दत हे शब्द ज्या समुपदेशकाला समजावून सांगावे लागतात, त्याच्यासमोर आपली बाई अर्ध्यातच थांबते. आणि केवळ आपल्यातलं माणूस असूनही भागत नाही, कारण त्याला नातंगोतं सांभाळायचं असतं. आपली बोली आणि हे शिक्षण, दोन्ही एकाच माणसाकडे असलं तर ती बाई शेवटपर्यंत बोलेल.

एम.एस.डब्ल्यू.ला कोणत्याही शाखेची पदवी चालते. मविप्र संस्थेचं समाजकार्य महाविद्यालय आपल्या नाशिकमध्येच आहे. मुलींसाठी डी.एड., बी.एड. आणि नर्सिंगची चौकशी करताना याचीही करा. पगार सुरुवातीला बेताचा असतो, हे मी पालकांपासून लपवत नाही. पण ज्यांना अल्लाहने दिलं आहे, त्यांनी यंदा एखाद्या गरजू मुलीची दोन वर्षांची फी भरावी. पुढची तीस वर्षं ती किती उंबऱ्यांवर पोहोचेल, याचा हिशेब आपल्याला करायचा नाही.