दोन धरणं, दोन काठ आणि एक सांडपाण्याचा पाईप

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण पूर्ण वाचा.

धरणाच्या काठी तंबू असावेत का नसावेत, हा वाद आपल्या अकोले तालुक्यात दरवर्षी काजव्यांच्या हंगामात उफाळून येतो. मे संपत आला की मुंबई-पुणे-नाशिकच्या गाड्या भंडारदऱ्याकडं वळतात. एक बाजू म्हणते, दारू, डीजे आणि प्लॅस्टिकनं वाट लावली, सगळं बंद करा. दुसरी बाजू म्हणते, आदिवासी पोरांना गावात बसून दोन पैसे मिळायला लागले, तर लगेच तुमच्या पोटात दुखायला लागलं. मग पाऊस पडतो, काजवे संपतात आणि वादही विझतो. पुढच्या वर्षी परत तेच.

वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. दोन्ही बाजूंच्या बातम्या मी छापल्यात. पण एक प्रश्न त्या वादात कधी फारसा येत नाही. रात्री काठावर जेवून-झोपून गेलेल्या शे-दोनशे माणसांचा मैला सकाळी जातो कुठं?

हा प्रश्न डोक्यात पक्का बसला तो अमेरिकेत. २०२४ च्या सप्टेंबरात आईला घेऊन सॉल्ट लेक सिटीला ताईकडं गेलो होतो. दाजींनी भाड्यानं आरव्ही घेतली. आरव्ही म्हणजे चाकावरचं घर. पुढं ड्रायव्हरची सीट, मागं पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, बेसिन आणि एवढासा संडास-बाथरूम. आईनं आत डोकावून पहिलाच प्रश्न केला, "संडास चुलीला चिकटून? आन् त्याचं जातं कुठं?" दाजी म्हणाले, "आई, खाली टाकी आहे. ते काम माझ्याकडं." आईला ते काही पटलं नाही. दोन दिवस ती कॅम्पातल्या सार्वजनिक संडासातच गेली.

आम्ही गेलो वायोमिंग राज्यातल्या ग्रँड टिटॉन राष्ट्रीय उद्यानात, जॅक्सन सरोवराच्या काठी. जागेचं नाव कोल्टर बे. झाडीत आखलेल्या जागा, प्रत्येक जागेला नंबर, एक लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं. तिथून पाच-दहा मिनिटं चाललं की गोट्यांचा काठ, आणि पाण्यापलीकडं सरळ उभा माउंट मोरन. उंची ३,८४२ मीटर, अंगावर हिमनदीचे पांढरे पट्टे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तिथलं नुसतं सरोवरच समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर आहे, म्हणजे आपल्या राज्यातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही चारशे मीटर वर. सप्टेंबरातच रात्री दात वाजत होते. आईनं स्वेटरवर शाल, शालीवर दाजींचं जॅकेट चढवलं आणि तशीच काठावर बसून राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रतनगडासारखंच हाय की. नुसतं बर्फ टाकलंय वरून."

तिचं म्हणणं तिला वाटलं त्याहून जास्त खरं होतं. कारण जॅक्सन सरोवर मूळचं नैसर्गिक असलं तरी आज दिसतं तेवढं मोठं ते धरणामुळं झालंय. १९०६-०७ मध्ये तिथं लाकडी धरण बांधलं. १९१० मध्ये त्याचा काही भाग वाहून गेला. मग काँक्रीटचं बांधलं आणि १९१६ पर्यंत उंची वाढवली. सरोवराची पातळी मूळच्यापेक्षा ३९ फूट चढली. धरणामुळं वाढलेला साठा आपल्या हिशेबात सुमारे ३७ टीएमसी. भंडारदरा ११ टीएमसी.

आणि हे पाणी जातं कुठं? शेजारच्या आयडाहो राज्यातल्या शेतीला. तिथं बटाटा पिकतो आणि साखरेचं बीट पिकतं. म्हणजे डोंगरातलं पाणी अडवायचं आणि खाली लांबवर साखर पिकवायची, हे गणित तिथंही तेच! आपल्याकडं त्याच काळात प्रवरेवर विल्सन धरणाचं काम चालू होतं. ते १९२६ मध्ये पुरं झालं आणि खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांना साखर किती मिळाली, हे अकोल्याच्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तिसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी गाडी डंप स्टेशनला लावली. सिमेंटचा उतरता चौथरा, मध्ये झाकण असलेलं भोक, बाजूला पाण्याचा नळ. दाजी एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, हाताखाली माणसं आहेत. त्यांनी हातमोजे घातले, जाडजूड पाईप काढला, एक टोक गाडीच्या टाकीला आणि दुसरं त्या भोकात बसवलं. आधी संडासाच्या टाकीचा व्हॉल्व उघडला, ती रिकामी झाल्यावर बेसिनच्या पाण्याचा, म्हणजे पाईप आपोआप धुऊन निघतो. मग चौथरा धुतला, झाकण लावलं. मागं चार गाड्या रांगेत होत्या. कुणी निवृत्त जोडपं, कुणी तरणी पोरं. सगळे आपापला पाईप घेऊन. कुणाला लाज नाही, कुणाची गडबड नाही. तिथून पुढं तो मैला प्रक्रियेला जातो. सरोवरात थेंबही जाता कामा नये, हा नियम.

आई खिडकीतून बघत होती. म्हणाली, "हितं ज्याची घाण त्यानंच काढायची व्हय?"

मंडळी, या एका वाक्यावर मी अख्खा लेख लिहू शकतो. हातानं मैला उपसण्याला बंदी घालणारा कायदा आपल्या देशात १९९३ ला झाला, परत २०१३ ला जास्त कडक झाला. तरी टाकीत उतरून गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या आपण आजही वाचतो. ती माणसं कुठल्या वस्तीतली असतात, तेही आपल्याला माहीत असतं. घाण करणारा वेगळा आणि काढणारा वेगळा, हे आपण इतकं गृहीत धरलंय की पर्यटनाचा आराखडा करतानाही मैला कुणाच्या डोक्यातच येत नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, म्हणजे अशी चाकावरची घरं आपल्याकडंही यावीत म्हणून. कल्पना चांगलीच आहे. फक्त प्रत्येक धरणाकाठी त्या गाडीची टाकी कुठं रिकामी करायची, ते आधी ठरवा. नाहीतर ती रिकामी कुठं होईल, हे कळायला ज्योतिषी नको.

तिथलं बाकीचंही थोडं सांगतो. जागेचं आरक्षण सहा महिने आधीपासून खुलं होतं. सलग १४ दिवसांच्या वर मुक्काम नाही. रात्री दहानंतर शांतता, जनरेटरला दिवसाचे ठरलेले तास. अस्वलं असल्यामुळं खाण्याची एक वस्तू बाहेर ठेवायची नाही, रेंजर येऊन बघतात. जमीन सरकारची, चालवायला खासगी ठेकेदार, पण दर सरकारच्या मंजुरीनंच. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे: तिथं २००४ चा एक केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार उद्यानात गोळा झालेल्या प्रवेश शुल्कातला साधारण ८० टक्के पैसा त्याच उद्यानात राहतो. रस्ता, संडास, पायवाट, त्याच जागी. राजधानीला जाऊन परत यायची वाट बघावी लागत नाही.

आता कुणी म्हणेल, आला अमेरिकेचं कौतुक करायला. थांबा. तिथंही सगळं सरळ झालेलं नाही. धरणानं पाणी चढलं तेव्हा काठावरची झाडं बुडून वाळली आणि सरोवराभोवती मेलेल्या खोडांचा कचरा वर्षानुवर्षं पडून होता. तो साफ झाला १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, बेकार तरुणांना सरकारी कामावर घेऊन. महिना ३० डॉलर, त्यातले २५ घरी पाठवायचे. आपली रोजगार हमीच म्हणा, फक्त चाळीस वर्षं आधीची. रॉकफेलर या धनाढ्य माणसानं आपलं नाव गुप्त ठेवून, कंपनी काढून तिथल्या पशुपालकांकडून सुमारे ३५ हजार एकर जमीन घेतली, सरकारला दान देण्यासाठी. कळल्यावर गावकरी भडकले. १९४३ मध्ये काही जणांनी बंदुका घेऊन संरक्षित केलेल्या जमिनीतून गुरं हाकत नेली. १९५० ला तडजोड झाली आणि आजचं उद्यान झालं. त्या तडजोडीत एक कलम होतं: जमीन सरकारजमा झाल्यामुळं स्थानिक कर बुडतो, त्याची काही वर्षं भरपाई द्यायची. आणि या सगळ्यांच्या आधी शतकानुशतकं उन्हाळ्यात तिथं येणाऱ्या शोशोनी वगैरे मूळच्या लोकांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

आजही जवळच्या जॅक्सन गावात घरभाडं इतकं आहे की हॉटेलात भांडी घासणारे, खोल्या आवरणारे बरेच कामगार गाडीत राहतात. आमच्यासाठी जी सहल होती, ती त्यांच्यासाठी नाइलाज. आणि २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना ग्रँड टिटॉनसह ११ उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा लावलेत, वार्षिक पास नसेल तर. आता आईला परत न्यायचं म्हटलं तर दाजींना जास्तच हात मोकळा सोडावा लागेल. सांगायचा मुद्दा, तिथले लोक देवाघरचे नाहीत. भांडले, फसवले गेले, तडजोडी केल्या. पण भांडून झाल्यावर त्यांनी नियम लिहिले आणि सांडपाण्याचं भोक कुठं असावं ते ठरवलं.

परत आल्यावर मी भंडारदऱ्याच्या काठच्या एका गावात गेलो. तंबू लावणाऱ्या एका ओळखीच्या पोराशी बोललो. नाव देत नाही, त्याला उगाच त्रास नको. बी.ए. झालाय, आठ तंबू आहेत. त्यानं स्वतःहून संडासाचा शोषखड्डा दाखवला. पाण्यापासून फार लांब नव्हता. म्हणाला, "भाऊ, मला कळत नाही का? हेच पाणी खाली लोक पितात. पण पक्कं बांधायला गेलो की विचारतात, जागा कुणाची. उपसणारी गाडी बोलवायची तर घाट चढून यायचे पैसे माझ्या दोन दिवसांच्या धंद्याएवढे. एकट्याला परवडत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "पंजाची जमीन पाण्याखाली गेली. काठ तरी आमचा राहू द्या."

मी या विषयावर एका कार्यालयात माहिती विचारायला गेलो होतो. त्यांनी दुसऱ्या कार्यालयाचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं पहिल्याचं. पाणी एकाचं, जंगल दुसऱ्याचं, रस्ता तिसऱ्याचं. मैला कुणाचाच नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तंबू बंद करू नका. बंद केले तर ते चोरून लागतील, किंवा चार वर्षांनी तीच जागा बाहेरच्या मोठ्या ठेकेदाराला जाईल आणि ही पोरं त्याच्याकडं ताटं उचलतील. पण आत्तासारखंही चालू देऊ नका. काठावरच्या जागा मोजा, नंबर द्या, गावानं ठरवलेल्या संख्येच्या वर एक तंबू नको. पाण्यापासून पुरेसं अंतर ठेवून सगळ्यांसाठी मिळून सामाईक टाक्या बांधा आणि मैला उपसायची एक गाडी तिथंच ठेवा. यंत्रानं उपसणारी, माणूस आत न उतरवणारी. नेऊन प्रक्रिया कुठं करायची, तेही त्याच कागदावर लिहा. रात्री दहानंतर स्पीकर बंद. काजव्यांच्या दिवसांत मोठे दिवे आणि झाडाखाली गाड्या नकोत. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ पासून. त्याचा विसर पडायला नको.

आणि पैसा? गाडीमागं, माणसामागं जे शुल्क घेतलं जाईल, त्यातला मोठा हिस्सा त्याच गावात राहिला पाहिजे आणि खर्चाचा हिशोब ग्रामसभेच्या फळ्यावर लागला पाहिजे. काठावरची ही गावं अनुसूचित क्षेत्रातली आहेत. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला अधिकार देतो, राज्याचे नियमही २०१४ ला आलेत. म्हणजे मुंबईहून कुणी येऊन आपल्यावर उपकार करायची गरज नाही. सभा बोलवायची, ठराव लिहायचा आणि तो लावून धरायचा.

त्या पोराला मी हे सगळं सांगितलं. म्हणाला, "ठरावाचा मसुदा तुम्ही लिहून द्या, सभेत मांडायचं माझ्याकडं." मसुदा लिहून त्याच्याकडं दिलाय. काठावरच्या बाकीच्या गावांतल्या सरपंच आणि तरुण मंडळींना हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो. त्यात काय घालायला हवं, काय चुकतंय, तेही सांगा. मे महिना यायच्या आत हे झालं पाहिजे, कारण जूनमध्ये पाऊस पडला की आपण परत सगळं विसरून जातो.