सतीर्थ्यांचें गांव

बोस्टन शहर मागें टाकून चार्ल्स नदी ओलांडली, केंब्रिजमधील हार्वर्ड विद्यापीठाच्या तांबड्या विटांच्या इमारती संपल्या, कीं सॉमरव्हिल नांवाचें एक दाट वस्तीचें गांव लागतें. अमेरिका म्हणजे गगनचुंबी इमारती अशी समजूत घेऊन येणाराची येथें थोडी फसगतच होते. घरें बहुतेक लांकडी, दुमजली किंवा तिमजली, एकमेकांस खांदा लावून उभीं. प्रत्येक मजल्यावर निराळें बिऱ्हाड, आणि पुढच्या बाजूस ओसरीसारखे लहान लहान सज्जे. माझी कन्या व जावई गेलीं आठ वर्षें या गांवांत राहतात. मागचा हिवाळा मीं त्यांच्याकडे काढला. डिसेंबरांत तेथें सव्वाचार वाजतांच सूर्य मावळतो. म्हाताऱ्या माणसास फिरावयास मिळतें तें दुपारीं जेवणानंतर दोन तास. तेवढ्या वेळांत मीं हें गांव पायांखालीं घातलें.

डेव्हिस चौकांत भुयारी आगगाडीचें स्टेशन आहे. तें १९८४ सालीं झालें. तेथून टफ्ट्स विद्यापीठाकडे जो रस्ता चढत जातो, त्यास कॉलेज अॅव्हेन्यू म्हणतात. त्या रस्त्यावर इतर घरांसारखेंच एक घर आहे. घुमट नाहीं, शिखर नाहीं. हें ‘हावुरात शालोम’ नांवाच्या यहुदी मंडळीचें प्रार्थनास्थान, असें जांवयांनीं सांगितलें, तेव्हां मला प्रथम खरें वाटेना. हावुरा म्हणजे स्नेह्यांचा मेळा. १९६८ सालीं आर्थर ग्रीन नांवाच्या तरुण विद्वानानें व त्याच्या सोबत्यांनीं ही मंडळी स्थापिली. व्हिएटनामचें युद्ध चालू होतें, विद्यापीठें धुमसत होतीं, आणि आईबापांच्या उपनगरांतील मोठमोठीं प्रार्थनामंदिरें या तरुणांस नाटकगृहांसारखीं वाटत. पुढें उंच पीठावर धर्मगुरूंनीं बोलावें आणि मागें रांगेनें बसून लोकांनीं ऐकावें, हें त्यांस रुचेना. त्यांनीं खुर्च्या काढून टाकिल्या, जमिनीवर उशा मांडल्या आणि वर्तुळ करून बसले. आपल्याकडे भजनास बसण्याची रीत हीच. तिचा एवढा गाजावाजा कशाला, असें आपणांस वाटेल. पण ज्या समाजानें बैठक सोडली त्यास ती पुनः मांडावयास धैर्य लागतें. याच मंडळीच्या परिवारांतून १९७३ सालीं ‘द ज्युइश कॅटलॉग’ हें घरगुती धर्माचाराचें पुस्तक निघालें आणि त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या.

या तरुणांस वर्तुळ करून बसण्याची गोडी लागली कोठें, याचा मीं शोध घेतला. उत्तर मिळालें तें असें कीं, त्यांतील पुष्कळांस ती उन्हाळी छावणींत लागली होती.

उन्हाळी छावणी ही अमेरिकेंतील एक निराळीच संस्था आहे. शाळांस जून ते ऑगस्ट सुटी. त्या सुटींत नऊदहा वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांस अरण्यांत, तळ्याकांठीं चार ते आठ आठवडे ठेवितात. पोहणें, होडी वल्हवणें, चेंडू खेळणें हें सर्वांचेंच. पण यहुदी पुढाऱ्यांनीं या सुटींत आपली भाषा व आपला आचार गुंफला. १९४७ सालीं विस्कॉन्सिन संस्थानाच्या उत्तरेस, कॉनोव्हर या गांवाजवळ, एका तळ्यावर पहिली ‘रामा’ छावणी उघडली. रामा याचा हिब्रू अर्थ उंचवटा. पुढें पेन्सिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क वगैरे संस्थानांतहि अशा छावण्या झाल्या. आमच्या मॅसॅच्युसेट्समधील छावणी पामर या गांवीं आहे. दुसऱ्या पंथाच्या मंडळीनेंहि १९५२ सालीं विस्कॉन्सिनमध्येंच ओकोनोमोवॉक येथें आपली छावणी काढिली. रामांत तळ्यास तळें म्हणावयाचें नाहीं, ‘अगाम’ म्हणावयाचें. झोंपडीस ‘त्स्रीफ’, भोजनगृहास ‘हदार ओखेल’. मुलें व्याकरण शिकत नाहींत, पण भूक लागली कीं हिब्रू बोलतात! चाळीस वर्षें रूपें घोकवून घेतलेल्या माझ्यासारख्या संस्कृत शिक्षकास हें ऐकून थोडें वाईटच वाटलें.

शुक्रवारीं सायंकाळीं सर्वांनीं शुभ्र वस्त्रें नेसून तळ्याकांठीं जमावयाचें, गात गात शब्बाताचें स्वागत करावयाचें. आणि शनिवारीं तारे दिसूं लागले कीं अनेक वातींची वळलेली मेणबत्ती पेटवून, सुगंधी मसाल्याची डबी हुंगून, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून त्या दिवसास निरोप द्यावयाचा. घरीं शनिवार पाळूं म्हटलें तर त्याच दिवशीं शाळेचा सामना असतो, शेजाऱ्याच्या मुलाचा वाढदिवस असतो. पाळणारा एकटा पडतो. छावणींत सगळें घड्याळच शनिवाराभोंवतीं लाविलेलें, त्यामुळें पाळण्यास श्रम नाहींत.

अडचण येते ती पुढें. सोळावें वर्ष संपलें कीं छावणी संपली. फार तर कांहीं उन्हाळे ‘मद्रीख’ म्हणजे लहानांचा सांभाळ करणारा होऊन जातां येईल. अठराव्या वर्षीं मूल विद्यापीठांत जातें, आणि अमेरिकेंत विद्यापीठ म्हणजे बहुधा घरापासून शेंकडों मैल. तेथें कोणी शुक्रवार विचारीत नाहीं. विद्यापीठांतील यहुदी मुलांची सोय पाहणारी ‘हिलेल’ ही संस्था जुनी आहे. इलिनॉय विद्यापीठांत १९२३ सालीं बेंजामिन फ्रँकेल नांवाच्या तरुण रब्बीनें ती सुरू केली, आणि तीसाठीं आधीं खटपट केली ती एडवर्ड चॉन्सी बाल्डविन या ख्रिस्ती प्राध्यापकानें. आज शेंकडों विद्यापीठांत तिचीं घरें आहेत. हार्वर्डमधील घर मीं बाहेरून पाहिलें, तें मोशे साफदी या प्रसिद्ध स्थापत्यविशारदानें रचलें आहे. परंतु इमारत असली म्हणून ओळख असतेच असें नाहीं. नवख्या मुलास दार उघडून आंत पाऊल टाकण्याचाच संकोच. तेंच, आंत छावणींतला एखादा जुना सोबती बसला आहे हें ठाऊक असेल, तर पाऊल आपोआप पडतें. रामाच्या चालकांनीं हें ओळखून २०१० नंतरच्या दशकांत ‘रेशेत रामा’, म्हणजे रामाचें जाळें, या नांवानें माजी मुलांस गांवोगांवीं एकत्र आणण्याचें काम हातीं घेतलें. २००६ सालीं कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें कांहीं तरुणांनीं ‘मोइशे हाउस’ काढलें. तेथें दोनचार तरुण एकत्र बिऱ्हाड करितात, समवयस्कांस जेवावयास बोलावितात, आणि त्याबद्दल संस्था त्यांच्या भाड्याचा कांहीं भाग सोसते.

संस्कृतांत या नात्यास एक नेमका शब्द आहे: सतीर्थ्य. एका गुरूपाशीं राहून शिकलेले ते सतीर्थ्य. तीर्थ म्हणजे येथें गुरु. भाऊ नव्हे, शेजारी नव्हे, केवळ मित्रहि नव्हे.

वॉल्थम गांवच्या ब्रँडाइस विद्यापीठाचा येथें ओघानें उल्लेख करितों. हें १९४८ सालीं यहुदी समाजानें स्थापिलें, पण दार सर्वांस उघडें ठेविलें. तेथें एका तळ्याभोंवतीं कॅथॉलिक, प्रॉटेस्टंट व यहुदी अशीं तीन प्रार्थनामंदिरें १९५५ सालीं बांधलीं, तीं अशीं कीं एकाची छाया दुसऱ्यावर पडूं नये. थंडी इतकी होती कीं छायेची परीक्षा पाहण्यास मी थांबलों नाहीं.

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक विद्यार्थिनी राहत असे. वय पंचविशीच्या आंतबाहेर, जीवशास्त्रांत संशोधन करणारी. एका शुक्रवारीं तिनें आम्हां तिघांस जेवावयास बोलाविलें. दहाबारा तरुणतरुणी जमलीं होतीं. प्रत्येकानें एकेक पदार्थ आणला होता, आणि आमच्यासाठीं सारें शाकाहारी केलें होतें. दोघे सोडून बाकी सर्व कोणत्या ना कोणत्या छावणींत वाढलेलीं. जेवणानंतर मेजावर ताल धरून गाणीं सुरू झालीं तीं तास दीड तास चाललीं. पुस्तक कोणाच्या हातांत नव्हतें. मला शब्द कळत नव्हते, पण धृपद केव्हां येणार हें कळूं लागलें होतें.

त्या मुलीचे वडील मागील मार्चमध्यें वारले होते, हें मला नंतर कळलें. यहुदी धर्मांत आईबाप वारल्यावर अपत्यानें अकरा महिने ‘कद्दिश’ म्हणावयाचें असतें. अरामी भाषेंतील या स्तोत्रांत मृत्यूचें नांवहि नाहीं, केवळ ईश्वराचें स्तवन आहे. मात्र तें एकट्यानें म्हणतां येत नाहीं. दहा प्रौढ माणसांचें ‘मिन्यान’ जमावें लागतें. सनातनी मंडळींत हे दहाहि पुरुष लागतात; ज्या पंथाच्या रामा छावण्या आहेत त्यानें १९७३ सालीं स्त्रियांस गणनेंत घेण्याची मोकळीक दिली, आणि मला विचाराल तर योग्य केलें. पण मोकळीक मिळाली म्हणून पहांटे दहा जण उठून येतात काय? या मुलीसाठीं येत. छावणींतल्या सोबत्यांनीं वारांची यादी केली होती. ज्याचा वार त्यानें नऊ जण गोळा करावे. सकाळीं सव्वासातास बर्फ तुडवीत येणारे त्यांचे जोडे मला जिन्यावर ऐकूं येत. एकदां नऊच जमले. दहावा येईपर्यंत अर्धा तास सर्व थांबून राहिलीं. त्या अर्ध्या तासांत आमच्या घरांतहि कोणी मोठ्यानें बोललें नाहीं.

मला अलिबागची आठवण होई. तेथें इस्रायल आळींत ‘मागेन आबोथ’ हें बेने इस्रायल लोकांचें प्रार्थनामंदिर १८४८ पासून आहे. आम्ही त्यास मशीदच म्हणत असूं. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून कोंकणांत यांस शनवार तेली म्हणत. आडनांवें दिवेकर, किहीमकर, पेणकर. घरांत भाषा मराठी. १९४८ नंतर बहुतेक घरें इस्रायलास गेलीं. मागें राहिलेले एक वृद्ध गृहस्थ वडिलांच्या पुण्यतिथीस दहा माणसें जमविण्यासाठीं आधीं पंधरा दिवस पेण-पनवेलास निरोप धाडीत. आठ जमले कीं पुनः सायकलवरून मुलगा जाई. श्रद्धा त्यांच्याजवळ भरपूर होती, माणसें नव्हतीं.

छावण्यांत सर्व गोडच आहे असें नव्हे. एका उन्हाळ्याचा खर्च हजारों डॉलरांत जातो. १९९८ सालीं स्थापलेली ‘फाउंडेशन फॉर ज्युइश कॅम्प’ ही संस्था प्रथमच जाणाऱ्या मुलास एक हजार डॉलरपर्यंत मदत देते खरी, तरी गरिबाच्या मुलास छावणी सोपी नाहीं. आणि ज्यानें ती पाहिली नाहीं, त्यास तींच गाणीं कुंपणासारखीं वाटतात. त्या शुक्रवारीं छावणी न पाहिलेले जे दोघे होते, त्यांतील एक तरुण गाण्यांच्या वेळीं भांडीं विसळावयास उठला. यजमानीणबाईंनीं तें पाहिलें, आणि पुढचें गाणें ओळीओळीनें, अगोदर सांगून, म्हणावयास लाविलें. हें ज्यांस सुचतें त्यांची मंडळी टिकते, असा माझा शाळामास्तरी अनुभव आहे.

फेब्रुवारींत तिचे अकरा महिने पुरे झाले. त्या दिवशीं चौदा जण आले होते. दहाव्याची वाट पहावी लागली नाहीं. मी मे महिन्यांत परत निघालों, तेव्हां त्या घरांत निराळीच धांदल चालू होती. बोस्टनभोंवतालच्या बहुतेक बिऱ्हाडांचे भाडेकरार एक सप्टेंबरास संपतात, आणि त्या दिवशीं अर्धें गांव सामान घेऊन रस्त्यावर येतें. त्या दहाबारांपैकीं तिघें जाणार होतीं. एक शिकागोस, दोघें न्यूयॉर्कास. शिकागोस जाणाऱ्या मुलाच्या हातांत मीं एक कागद पाहिला. त्यावर तेथें राहणाऱ्या जुन्या सोबत्यांचीं सात नांवें होतीं. आणखी तीन हवींत, असें तो हंसत म्हणाला.