पोचा पडलेली घागर

आमच्या पितळी घागरीच्या बुडाला एक पोचा आहे. फरशीवर ती डुगडुगते, म्हणून खाली जुन्या लुगड्याची चुंबळ ठेवावी लागते.

तो पोचा मायने पाडला. मी नववीत होते. पंधरा दिवस नळाला थेंब नव्हता. गल्लीतल्या बायांनी हंडा मोर्चा काढायचं ठरवलं, तेव्हा अण्णांनी मायला दारातच अडवलं. "आपण नोकरदार माणसं. तू कशाला जायलीस?"

अण्णा भित्रे नव्हते. ते प्राथमिक शिक्षक. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि पाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. तेव्हा ते एका खेड्यावरच्या शाळेत होते. शाळा पुन्हा भरली, पण पहिल्या रांगेतली दोन पोरं आली नाहीत. हजेरीत त्यांची नावं अण्णा महिनाभर पुकारत राहिले. गर्दी म्हटलं की त्यांना ती दोन नावं आठवायची.

माय तरी गेली. तिच्या मागे कळशी घेऊन मीही. कचेरीपुढे शंभरेक बाया, डोक्यावर ऊन. साहेब जेवायला गेलेत, असं शिपाई सांगायचा. दोन तासांनीही तेच. मग मायने घागर पायरीवर आपटली. एकदाच. घरात कधी आवाज न चढवलेली बाई! पुढच्या क्षणी सगळ्या घागरी वाजायला लागल्या, आणि साहेब आतूनच बाहेर आले. तिसऱ्या दिवशी गल्लीत टँकर आला.

अण्णा दोन-तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पुढे कधीतरी कल्हईवाला म्हणाला, "मास्तर, पोचा काढून देतो." अण्णा म्हणाले, "राहू द्या." पहिली चुंबळ त्यांनीच वळून दिली.

त्यांनी पाहिलेली गर्दी आणि मायची गर्दी, यांतला फरक मला बरीच वर्षं सांगता येत नव्हता. आता सांगते. मायच्या मोर्चात प्रत्येक बाई शेजारणीला नावाने हाक मारत होती. कुणाचं लेकरू घरी झोपवून ठेवलंय, हेसुद्धा एकमेकींना ठाऊक होतं. कुणी दगड उचलला असता, तर तो हात धरणारी शेजारीच उभी होती. अशी माणसं घरी बसली की रस्ता रिकामा राहत नाही. 1978 साली त्या गावात आपणही दार लावून घेतलं होतं, हे अण्णांनी मला फार उशिरा सांगितलं, मान खाली घालून. म्हणून मी मोर्चात जाते. माझ्या लेकीलाही कधी अडवलं नाही.

2016 च्या मार्चमध्ये आमच्या लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी कलम 144 लागलं. पाच माणसांनी एकत्र यायचं नाही. घागर घेऊन रांगेत उभं राहणं म्हणजेच जमाव, अशी वेळ आली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. शहराची तहान त्याहून कितीतरी मोठी होती. त्या उन्हाळ्यात मी रात्री दोनला उठून रांग धरली. पुढच्या बाईची घागर माझ्या घागरीला लागली की खणकन आवाज व्हायचा, आणि मला मायची ती पायरी आठवायची.

त्याच वर्षी 19 सप्टेंबरला मराठा समाजाचा मूक मोर्चा लातुरात निघाला. कोपर्डीत अत्याचार करून मारलेल्या मुलीला न्याय मिळावा, ही त्यातली पहिली मागणी. अण्णा तेव्हा नव्हते. मायला दारात खुर्ची टाकून दिली होती. पुढे मुली, मागे नजर पोचेल तिथवर माणसं, आणि घोषणा एकही नाही. नुसता चपलांचा आवाज.

"बोलत कशाला नाहीत गं ही?" मायने विचारलं.

"मूक मोर्चा आहे, माय."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पोरी उन्हात चालायल्यात. घागर भरून बाहेर ठेव."

मी अण्णांची चुंबळ आणली, दारापुढे ठेवली आणि तिच्यावर घागर.