शनिवारचा हिशेब

बुधवार, १२ फेब्रुवारी २०२०

राज्य मंत्रिमंडळानं आज पाच दिवसांचा आठवडा मंजूर केला. २९ तारखेपासून सगळे शनिवार सुट्टी. आजवर दुसरा आणि चौथाच मिळायचा. संध्याकाळी बायकांच्या डब्यात दुसरा विषय नव्हता. खासगी नोकरीतली एक जण म्हणाली, तुम्हा सरकारी लोकांची मजा आहे. तिला सांगितलं, बाई, रोज ४५ मिनिटं जास्त बसायचंय. कामाचे दिवस वर्षाला २८८ वरून २६४ होणार, पण तास २०८८ चे २११२. सरकारला २४ तास जास्तच मिळणार.

खर्डीला डबा रिकामा झाल्यावर पासाच्या पाकिटातल्या कागदावर माझा हिशेब मांडला. दिवस २४ कमी, म्हणजे फेऱ्या २४ कमी. घरापासून टेबलापर्यंत तीन तास, परतीचे तीन. २४ गुणिले सहा, १४४. त्यातले सरकारचे २४ वजा केले तरी १२० तास उरतात. परळला राहणाऱ्या माझ्या शेजारच्या टेबलवालीला हा आकडा कधी दिसणार नाही. सुट्टीची किंमत घर किती लांब आहे त्यावर ठरते, आणि आमचं घर लोकलच्या शेवटच्या स्टेशनाला, कसाऱ्याला आहे.

शनिवार, २९ फेब्रुवारी २०२०

महिन्यातला पाचवा शनिवार. जुन्या नियमानं आज कामाचा दिवस होता. साडेचारला जाग आलीच. पडून राहिले. खाली स्टेशनात मेलच्या मागे बँकर इंजिनं लावत होते, मग इगतपुरीच्या चढाला लागलेल्या इंजिनांचा आवाज बराच वेळ घाटात घुमत राहिला. रोज तो कानावर पडतो, पण तेव्हा मी भाकऱ्या थापत असते. अंथरुणात पडून तो आज पहिल्यांदा ऐकला.

सुट्टी मात्र घरात एकटीलाच. शाळा या निर्णयात नाहीत, दवाखाने नाहीत, पोलीस नाहीत, कारखानेही नाहीत. लेक शाळेत गेली, हे आसनगावला पहिल्या पाळीला. विहिरीचं पाणी उतरलंय. सासूबाईंच्या दोन खेपा आज मी केल्या. भातसा, तानसा, वैतरणा इथलीच, मुंबईची तहान त्यांच्यावर भागते आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मुंबईच्या कार्यालयात नळ सोडताना दर वेळी माझा हात क्षणभर थांबतो. दुपारी सासूबाई म्हणाल्या, "आज तुझा चेहरा उजेडात बघितला गं." या वाक्यावर मी दिवसभर होते.

मंगळवार, ३ मार्च २०२०

मुंबईत सकाळची वेळ तीच, ९.४५. सुटायची साडेपाचची सव्वासहा झाली. ४५ मिनिटं सोपी वाटतात, पण कसाऱ्याच्या गाड्या दादर-ठाण्यासारख्या पाठोपाठ नसतात. नेहमीची गाडी गेली. कल्याणपर्यंत उभ्यानं, तिथं बदलून पुढची. घरी पोचले तेव्हा लेक झोपली होती. पाच रात्री देऊन एक दिवस घेतलाय. तरी घेतलेला दिवस मला परत करायचा नाही.

रविवार, २२ मार्च २०२०

करोनामुळे आज रात्रीपासून लोकल बंद. स्टेशन इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

शनिवार, १३ डिसेंबर २०२५

आता चार दिवसांच्या आठवड्याची बोलणी. २१ नोव्हेंबरला नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आठवड्याचे ४८ तास तेच, पण बारा-बारा तासांचे चार दिवस करून तीन दिवस पगारी सुट्टी देता येते, असं केंद्राच्या कामगार मंत्रालयानं सांगितलंय. यांच्या कारखान्यात कुजबुज आहे. कागद अजून कोणाच्या हातात आलेला नाही.

लेक आता कॉलेजला. तिनं मोबाइलवरून वाचून दाखवलं: मायक्रोसॉफ्टनं जपानमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये शुक्रवार सुट्टीचे केले, तर माणशी विक्री आधीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. मी विचारलं, रोजचे तास वाढवले होते का? नव्हते. मग ती गोष्ट आणि ही गोष्ट वेगळी.

माझं करून पाहिलं. चार दिवस झाले तर वर्षाला ५२ फेऱ्या आणखी कमी, ३१२ तास. तेरा अख्खे दिवस! हात थरथरला लिहिताना. पण दहा तास भरायचे तर सुटायला सव्वाआठ, घरी बारा, आणि साडेचारला उठायचंच. तरी कोणी विचारलं असतं तर मी बहुतेक हो म्हटलं असतं.

रविवार, १४ डिसेंबर २०२५

यांचं मांडलं. यांचा रस्ता जाऊन-येऊन दोन तासांचा. सहाचे चार दिवस झाले तर आठवड्याला वाचणार चारच तास. त्याबदल्यात मशीनपुढे उभं राहायचं बारा तास, पन्नाशीच्या गुडघ्यांवर. माझा दिवस रस्ता खातो, यांचा नाही. जी सुट्टी मला मोकळं करेल तीच यांना मोडेल, आणि दोन्हींना एकच नाव.

आजचा रविवारही असा सहज मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगार उभे केले, वर्षानुवर्षं अर्ज-सभा केल्या, तेव्हा कुठे १० जून १८९० ला गिरणीमालक रविवारच्या सुट्टीला राजी झाले. कामगारांनी स्वतः मागितलेली होती ती. ही बारा तासांची सुट्टी यांच्या खात्यात कोणी मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

यांना विचारलं, संमतीचा कागद आला तर सही करणार का? हे वालाच्या शेतातून येऊन पाय धूत होते. पाळी तीनला सुटते म्हणून रोज दिवस मावळायच्या आत दोन तास शेतात जातात.

"तीन दिवस घरी राहून काय करू?" म्हणाले. "म्हशीला रोज दोन वेळा पिळावं लागतं."

बादली घेऊन गोठ्यात गेले. मी साडेचारचा गजर लावला.