घाट रोज चढायचा नसतो

प्रिय मधू,

तुझा परवाचा मेसेज वाचला. ‘तीन महिने पाळी नाही, बरंच झालं, सरावात खंड पडत नाही.’ तू गमतीत लिहिलंस, मला मात्र हसू आलं नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

सातारा हिल मॅरेथॉनसाठी सकाळी यवतेश्वरचा घाट, संध्याकाळी जिम, आणि वजन वाढू नये म्हणून रात्री नुसतं सूप! पोटात जातं त्यातलं बहुतेक पळण्यातच संपलं, की शरीर काटकसरीला लागतं. आजच्या दिवशी ज्यावाचून अडत नाही अशा कामांना ते पहिली कात्री लावतं, आणि पाळी त्यातच येते. मग इस्ट्रोजेन घटतं, हाडं ठिसूळ व्हायला लागतात आणि नडगीच्या हाडाला बारीक चीर पडायला घाटाचा उतार पुरेसा होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या प्रकाराला वेगळं नाव दिलं, तेव्हा त्यात पुरुष खेळाडूही धरले. त्यामुळे ‘बायकांच्या तक्रारी’ म्हणून झटकू नकोस. थायरॉईड, पीसीओएस अशी दुसरी कारणंही असू शकतात, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखव.

बाकीचं आईकडून कळलं. झोप लागत नाही, सर्दी हटत नाही, कुणी काही विचारलं की खेकसतेस. सराव वाढला तरी पळायला वेळ जास्तच लागतोय. आणि त्यावर तुझा उपाय काय, तर आणखी पळणं. अगं, पळताना शरीर झिजतं. ते पुन्हा बांधलं जातं नंतर, जेवणात आणि झोपेत. त्यातही दम काही आठवड्यांत वाढतो, पण स्नायुबंध आणि हाडं तयार व्हायला महिने लागतात. म्हणून ‘आता मला जमतंय’ असं वाटतं तेव्हाच दुखापती होतात.

तुला रॉजर बॅनिस्टरचं कौतुक आहे ना? १९५४च्या एप्रिलमध्ये तो अडकला होता. ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, प्रत्येकी ६१ सेकंदांच्या खाली काही केल्या येईनात. मग तो सोबती धावपटू ख्रिस ब्रॅशरबरोबर स्कॉटलंडला कडे चढायला निघून गेला. काही दिवसांनी परतला आणि त्याच फेऱ्या ५९ सेकंदांत पळाला. शर्यतीआधीही त्याने काही दिवस सराव बंदच ठेवला. ६ मे रोजी ऑक्सफर्डला मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत. आणि हा गडी तेव्हा डॉक्टरकी शिकत होता, सरावाला मिळायची ती दुपारची सुट्टी. (कडे चढणं ही माझ्या मते विश्रांती नव्हे, पण त्याचं मन घड्याळातून सुटलं हे खरं.)

आता तुझं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत घाट बंद. त्यानंतरही आठवड्यातून एकदाच. बाकीच्या दिवशी सपाटीवर इतकं हळू पळायचं, की शेजारणीशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. नुसतं ‘हं हं’ चालणार नाही. दोन दिवस वजनं उचल, एक दिवस काहीच नको. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोज. नेहमीपेक्षा बरीच जास्त लागली तर बूट घालूच नकोस. रात्री भाकरी, उसळ, दही खा. सूप मला आवडतं, पण ते जेवण नव्हे.

ही स्पर्धा हुकली तर हुकली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. आई रोज संध्याकाळी बायकांबरोबर भरभर चालून येते, त्यात हा हिशेब कधीच पुरा होतो. गेली कित्येक वर्षं तिचं चालू आहे आणि कुणी तिला पदक दिलेलं नाही. तू तिच्या चालण्याला व्यायाम म्हणत नाहीस, हे मला फार खटकतं.

पाळीचं आईला मी सांगितलेलं नाही, तू सांग. या आठवड्यात अपॉइंटमेंट घे आणि वेळ मला कळव. मला सुट्टी टाकता येईल, मी सोबत येते.

तुझी,
ताई